नळ, बोअर आणि टँकर: फिशटँकच्या पीएचचं गणित

ॲक्वेरियमच्या दुकानात हमखास ऐकू येणारा प्रश्न: "पीएच आठच्या वर गेलाय, काय टाकू?" (पीएच म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा क्षारधर्मी आहे ते सांगणारा आकडा: ७ मधला, खाली आम्ल, वर क्षार.) उत्तरही ठरलेलं, 'पीएच डाउन'ची बाटली. सकाळी टोपणभर टाकलं की संध्याकाळी आकडा ७.२ दिसतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुन्हा आठ. मग डोस दुप्पट. आठवडाभर हे चाललं की मासे कोपऱ्यात पंख मिटून उभे राहतात आणि दोष पीएचच्या माथी मारला जातो. बाजारात मिळणारे बहुतेक मासे फार्मवर वाढलेले असतात. स्थिर ७.८ मध्ये ते वर्षानुवर्षं मजेत राहतात. त्यांना सोसत नाही ते रोजचं खाली-वर होणं.

आकडा परत का चढतो, याचं उत्तर केएचमध्ये आहे. केएच म्हणजे पाण्यात विरघळलेल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप. जर्मन अंशात मोजतात. १ अंश म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला १७.९ मिलिग्रॅम. बाहेरून आम्ल आलं की बायकार्बोनेट ते गिळतं आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. हा वायू पाण्यात असेपर्यंत पीएच खाली दिसतो. एअरस्टोनच्या बुडबुड्यांबरोबर तो उडून गेला की पीएच पुन्हा वर. बाटली संपली, केएच अर्धा-एक अंश उतरला, हाती एवढंच लागलं. बाटलीत फॉस्फेटवालं आम्ल असेल तर वर शेवाळाची मेजवानी. लिंबू आणि व्हिनेगर हे त्याहून वाईट, कारण ती सेंद्रिय आम्लं जिवाणू खातात. दोन दिवसांत पाणी दुधाळ होतं, ऑक्सिजन घटतो आणि जिवाणूंनी आम्ल पचवलं की पीएच मूळपदावर येतो.

घरच्या टँकमध्ये बाहेरून कार्बन डायऑक्साइड सोडत नसाल तर तो साधारण लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आसपास धरायला हरकत नाही. त्या हिशेबाने केएच १ असेल तर पीएच ७.०, २ असेल तर ७.३, ४ ला ७.६, ८ ला ७.९ आणि १६ ला ८.२. केएच दुप्पट झाला की पीएच ०.३ ने चढतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. आता बोअरच्या पाण्याचा केएच १४ आहे आणि कुणाला नेटवर वाचलेला ६.८ हवाय. केएच तसाच ठेवून ते साधायचं तर लिटरला ६६ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड लागेल. त्यात मासे वर येऊन धापा टाकतील. म्हणजे पीएच हलवायचा तर आधी केएच हलवावा लागतो. (लाकूड, बदामाची पानं किंवा ॲक्वासॉइल (पाणझाडांसाठीची खास माती) असलेल्या टँकमध्ये हे आकडे थोडे चुकतात, कारण तिथे दुसरी आम्लंही कामाला असतात.)

तुमच्या नळात येतं ते पाणी कुठलं?

मुंबईचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा, मोडकसागर या धरणांचं. पुणे शहराचं मुख्यतः खडकवासल्याचं. दोन्हीकडे सह्याद्रीच्या काळ्या कातळावरून वाहत आलेलं पावसाचं पाणी, त्यामुळे ते बऱ्यापैकी मऊ, म्हणजे कमी केएचचं असतं. कोकणात आणि गोव्यात जांभ्यातल्या विहिरींचं पाणी तर याहून मऊ आणि किंचित आम्लधर्मी. तिथे मोली मासा टिकत नाही आणि गोगलगाईंची कवचं पांढरी पडून झिजतात, ते यामुळेच. बोअरचं पाणी मात्र जमिनीखाली कितीतरी काळ दगडमातीत मुरलेलं असतं. केएच १२ ते १८ सहज, बादलीवर आणि गीझरच्या कॉइलवर पांढरे थर.

खरी गोम अशी की शहरातल्या सोसायटीत ही दोन्ही पाणी एकाच गच्चीवरच्या टाकीत येतात. पुण्याच्या वाघोली-उंड्रीसारख्या भागात एप्रिल-मे उजाडला की टँकर सुरू होतात आणि टँकर बहुतेक वेळा कुठल्यातरी बोअरचा किंवा विहिरीचा असतो. म्हणजे मार्चमध्ये ४ केएचचं पाणी बदलणारा माणूस मेमध्ये नकळत १४ केएचचं पाणी ओतत असतो. पावसाळ्यात उलटं: धरणाचं पाणी पातळ होतं, त्यात गढूळपणा काढायला तुरटीवर्गाची रसायनं जास्त वापरावी लागतात आणि ती क्षारता खातात. त्यामुळे वर्षातून एकदा पाणी तपासून चालत नाही. पाणी बदलण्याआधी दर वेळी बादलीचा केएच बघावा. दोन मिनिटांचं काम आहे. सोसायटीच्या वॉचमनला "आज टँकर आला का?" एवढं विचारलं तरी अर्धं निदान होतं.

मोजताना होणारे घोळ

सर्वांत मोठा घोळ किटच्या मर्यादेचा. स्वस्त पीएच किटमध्ये ब्रोमोथायमॉल ब्लू नावाचा रंग असतो आणि तो ६.० ते ७.६ एवढाच बोलतो. ६ ला पिवळा, ७ ला हिरवा, ७.६ ला निळा. पाणी ८.४ असलं तरी तो निळाच राहणार आणि तुम्ही वहीत ७.६ लिहिणार. रंग अगदी टोकाचा आला की तो आकडा नव्हे, "याच्या पलीकडे" असं वाचायचं आणि ७.४ ते ८.८ चं दुसरं किट वापरायचं. नळाच्या ताज्या पाण्यातला क्लोरिन हा रंगच फिका करतो. त्या बादलीत आधी अँटिक्लोरीन घालून मगच तपासा.

दुसरा घोळ वेळेचा. बोअरचं पाणी जमिनीखालून भरपूर कार्बन डायऑक्साइड घेऊन येतं. पंपातून आल्या आल्या ते ७.१ दाखवेल आणि तेच पाणी बादलीत एअरस्टोन लावून २४ तास ठेवलं की ८.२. टँकमध्ये शेवटी हा दुसरा आकडाच येणार आहे, म्हणून तोच खरा. झाडं असलेल्या टँकमध्ये पहाटे पीएच सर्वांत कमी आणि संध्याकाळी दिवे बंद होण्याआधी सर्वांत जास्त असतो. अर्ध्या युनिटचा फरक तिथे नेहमीचा. रोज वेगवेगळ्या वेळी मोजून घाबरू नका. रात्री खिडक्या बंद, एसी चालू आणि खोलीत तीन माणसं झोपलेली असली तरी सकाळचा आकडा थोडा खाली दिसतो.

पीएचचं पेन ऑनलाइन स्वस्तात मिळतं आणि कॅलिब्रेट केलं नाही तर ते बिनधास्त खोटं बोलतं. सोबतच्या पुड्या (६.८६ आणि ४.०० किंवा ९.१८) प्रत्येकी पुडीवर लिहिलेल्या मापाच्या, बहुधा २५० मिलि, डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायच्या. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी चालतं. बोअरचं पाणी मोजणार असाल तर ६.८६ आणि ९.१८ वर, मऊ पाण्यासाठी ६.८६ आणि ४ वर कॅलिब्रेट करा. महिन्यातून एकदा तरी. काचेचा फुगा सुकू द्यायचा नाही. टोपणात पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण ठेवायचं, आरओचं पाणी नव्हे, कारण त्याने इलेक्ट्रोड लवकर मरतो. वर्ष-दीड वर्षाने पेन आकड्यावर स्थिरावायला मिनिटभर लावू लागलं की त्याचे दिवस भरले समजा.

या सगळ्यापेक्षा केएचचं थेंबांचं किट जास्त कामाचं. ५ मिलि पाण्यात एकेक थेंब टाकत हलवायचं, निळ्याचं पिवळं झालं की थेंब मोजायचे. एक थेंब म्हणजे एक अंश. मऊ पाण्याला १० मिलि घ्या, म्हणजे प्रत्येक थेंब अर्ध्या अंशाचा होतो. पैसे एकाच किटपुरते असतील तर हेच घ्या. टीडीएस पेन आरओमुळे घरोघरी असतं, पण ते क्लोराइड, सल्फेट, मीठ सगळं एकत्र मोजतं. टीडीएस ५०० म्हणजे केएच अमुक, असं त्यावरून सांगता येत नाही.

पीएच आपोआप घसरतो तेव्हा

मऊ पाण्याच्या गावात हा खरा धोका आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. माशांच्या अंगातून आणि खाद्यातून येणाऱ्या अमोनियाचं नायट्रेट करताना फिल्टरमधले जिवाणू आम्ल तयार करतात. अमोनियातल्या प्रत्येक १ मिलिग्रॅम नायट्रोजनमागे ७.१४ मिलिग्रॅम क्षारता (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात, म्हणजे केएचच) खर्च होते. हे खाद्याच्या भाषेत बघू. दोन बाय एक बाय एक फुटाचा टँक म्हणजे काठोकाठ ५६ लिटर, वाळू-दगड आणि वरची मोकळी जागा सोडून हाती ४५ लिटर. ४० टक्के प्रथिनांचं १ ग्रॅम खाद्य पडलं आणि त्यातला सगळा नायट्रोजन नायट्रेट झाला, तर या टँकचा अर्ध्या अंशाहून थोडा जास्त केएच जातो. प्रत्यक्षात काही माशांच्या अंगी लागतं, काही झाडं घेतात, म्हणून थोडं कमी धरा. तरीही रोज ०.३ ग्रॅम खाद्य आणि नळाला ३ केएच असेल, तर पाणी न बदलता तीन-चार आठवड्यांत खजिना रिकामा.

केएच संपेपर्यंत पीएच फारसा हलत नाही, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. तो शून्याजवळ आला की पीएच ६.८ वरून ५.८ वर दोन-तीन दिवसांत कोसळतो. ६.५ च्या खाली जिवाणू मंदावतात, सहाच्या आसपास जवळपास थांबतात आणि अमोनिया साचू लागतो. गंमत म्हणजे मासे तरीही जिवंत दिसतात. आम्लधर्मी पाण्यात अमोनिया जवळपास सगळा अमोनियम रूपात असतो आणि तो फारसा विषारी नसतो. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ वर एकूण अमोनियातला जेमतेम ०.६ टक्के भाग विषारी मुक्त अमोनिया असतो, पीएच ८ वर ५.४ टक्के.

मग कुणीतरी किट आणून तपासतं, अमोनिया लिटरला ४ मिलिग्रॅम दिसतो, आणि जो तो सांगतो तसं निम्मं पाणी एकदम बदललं जातं. एकूण अमोनिया ४ वरून २ वर आला, ठीक. पण नव्या पाण्याने पीएच ५.८ वरून ७.४ वर गेला, तर मुक्त अमोनिया निम्मा होण्याऐवजी सुमारे वीसपट होतो. रात्रीतून अर्धे मासे जातात आणि "नळाच्या पाण्यात विष होतं" असा निष्कर्ष निघतो.

अशा टँकला सावकाशीने परत आणायचं. पहिले तीन-चार दिवस खाद्य बंद. रोज फक्त १० टक्के पाणी बदलायचं आणि अमोनिया बांधून ठेवणारा कंडिशनर पूर्ण टँकच्या मापाने घालायचा. साधं अँटिक्लोरीन फक्त क्लोरिन काढतं, अमोनियाला हात लावत नाही, तेव्हा लेबल वाचून घ्या. केएच दिवसाला अर्ध्या अंशापेक्षा जास्त चढू द्यायचा नाही. तळातली घाण सायफनने थोडी थोडी काढा, फिल्टरचा स्पंज टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळा. अमोनिया ०.५ च्या खाली आला की वेग वाढवायला हरकत नाही.

केएच वाढवायचा तर

खाण्याचा सोडा. स्वयंपाकघरातला, इडली-ढोकळ्यात पडतो तो. धुण्याचा सोडा नव्हे, पापडखार नव्हे, बेकिंग पावडर नव्हे. धुण्याच्या सोड्याने पीएच एका झटक्यात दहाकडे जातो. १०० लिटरला ३ ग्रॅम सोडा म्हणजे केएच १ अंशाने वर. वरच्या ४५ लिटरच्या टँकमध्ये १ वरून ४ वर न्यायचं तर एकूण ४ ग्रॅम, म्हणजे चहाच्या सपाट चमच्यापेक्षा थोडं कमी. धडधाकट टँकमध्ये तीन दिवसांत तीन हप्ते करून रोज पाव चमचा पुरे. एका मगात टँकचंच अर्धा लिटर पाणी घ्या, त्यात सोडा विरघळवा आणि फिल्टरच्या धारेत हळूहळू सोडा. दर वेळी पाणी बदलाल तेव्हा फक्त नव्या पाण्यापुरता हिशेब करायचा, पूर्ण टँकचा नाही. ही चूक फार होते आणि महिनाभरात केएच १२ वर जाऊन बसतो.

सोड्यात कॅल्शियम नसतं. मोली, गोगलगाय, झिंगे पाळणार असाल तर कोरलचा चुरा किंवा किनाऱ्यावरचे शिंपले बरे. शिंपले गोड्या पाण्यात दोन दिवस भिजवून मीठ काढा, उकळा, ठेचा आणि जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवा. ५० लिटरला १०० ग्रॅमपासून सुरुवात करून दोन आठवडे केएच बघा. यांची खुबी अशी की पाणी आम्लधर्मी असेल तेव्हा ते भरभर विरघळतात, पीएच चढला की आपोआप थांबतात. सुट्टीवर जाताना सोड्यापेक्षा ही पिशवी जास्त भरवशाची. पक्ष्यांच्या पिंजऱ्यात टांगतात तो समुद्रफेनही चालतो, फक्त तो तरंगतो. पानाचा चुना मात्र कधीही नाही. त्याचं द्रावण पीएच १२ च्या घरातलं असतं.

कमी करायचा तर

आधी स्वतःला विचारा, खरंच गरज आहे का? बोअरचं पाणी असेल तर मोली, प्लॅटी, गप्पी, गोल्डफिश पाळा. मलावी सरोवराचे सिक्लिड तर अशाच पाण्यातून आलेले, त्या सरोवराचा पीएच ७.७ ते ८.६ असतो. हट्टाने मऊ पाण्यातला डिस्कस मासा आणायचा आणि मग वर्षभर पाण्याशी कुस्ती खेळायची, याला शौक म्हणावा की शिक्षा? एंजल, गुरामी आणि बहुतेक बार्ब ७.८-८.० सहन करतात. टेट्रांची अंडी उबवायची असतील किंवा डिस्कसची पिल्लं काढायची असतील, तर मात्र मऊ पाण्याला पर्याय नाही.

तेव्हा रस्ता एकच: कमी केएचचं पाणी मिसळणं. १४ केएचच्या एक बादली बोअरमध्ये दोन बादल्या आरओ घातलं की साधारण पावणेपाच केएच मिळतो. केएचचा हिशेब असा सरळ भागाकाराने होतो, पीएचचा होत नाही. घरच्या आरओमध्ये टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं आणि ते थोडं मूळ पाणी किंवा क्षार परत मिसळतं, म्हणून 'आरओ म्हणजे शून्य' असं न धरता केएच मोजा. नुसत्या आरओवर टँक चालवू नका, वर सांगितलेली पीएचची दरड तिथे सगळ्यात आधी कोसळते.

जुना टँक १४ केएचचा असेल आणि दर आठवड्याला चौथाई पाणी या मिश्रणाने बदललं, तर केएच असा उतरतो: ११.७, ९.९, ८.६, ७.६. माशांना तो उतार कळतही नाही. घाई करून एका रविवारी ८० टक्के बदलण्यापेक्षा हे महिनाभराचं काम बरं.

पावसाचं पाणी फुकटचं आरओ आहे. वळवाचे आणि मृगाचे पहिले पाऊस सोडून द्यायचे, त्यात छपरावरची धूळ आणि कबुतरांची घाण असते. आषाढात दोन-चार दिवस लागून पाऊस झाला की स्वच्छ कौलांच्या पागोळीखाली पिंप लावा. सिमेंटच्या गच्चीवरून आलेलं पाणी तेवढं मऊ राहत नाही, आणि तांब्याच्या किंवा गंजलेल्या पन्हाळीचं टाळाच. एसीच्या नळीतून टपकणारं पाणीही टाळा. ते मऊ असतं खरं, पण तांब्याच्या कॉइलवरून येतं आणि झिंग्यांना तांबं अगदी थोडंही पुरतं.

बदामाची पानं केएच कमी असतानाच उपयोगी. शाळांच्या आवारात मजल्यांसारख्या आडव्या फांद्या पसरून उभा असतो तो देशी बदाम. लाल होऊन आपणहून गळलेलं, वाळलेलं पान घ्या, रस्त्याच्या धुळीतलं नको. धुऊन ४०-५० लिटरला एक-दोन पानं टाका, तीन आठवड्यांनी बदला. केएच २ असेल तर पीएच थोडा खाली येतो, १२ असेल तर पाणी फक्त चहाच्या रंगाचं होतं. नर्सरीतलं कोकोपीट म्हणजे पीट नव्हे. ते नारळाच्या काथ्याचं असतं, पीएच उतरवत नाही आणि न धुता घातलं तर उलट क्षार सोडतं.

केएच वाढतोय आणि कारण सापडत नाही, तेव्हा दगड बघा. संगमरवर, चुनखडीचा दगड, शिंपले, कोरलचे शोभेचे तुकडे काढून ठेवा. आपला काळा कातळ निर्धोक, पण त्याच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक असतील तर त्यातले काही कॅल्साइटचे असू शकतात. स्फटिकावर लिंबाचे किंवा व्हिनेगरचे थेंब टाकून बारकाईने बघा. बुडबुडे आले तर दगड बागेत. संशय राहिला तर तो दगड एका बादलीत आठवडाभर बुडवून आधीचा-नंतरचा केएच मोजा.

राहता राहिली नव्या माशांची पिशवी. दुकानातून तासाभरात घरी आणलेले मासे बादलीत ओता, एअरलाइनच्या नळीला सैल गाठ मारून सेकंदाला दोन-तीन थेंब टँकचं पाणी सोडा, ४५ मिनिटांत पाणी तिप्पट झालं की जाळीने उचलून टँकमध्ये. कुरियरने एक-दोन दिवस प्रवास करून आलेली पिशवी वेगळी. त्यात श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साचून पीएच पडलेला असतो आणि सोबत अमोनिया अमोनियम होऊन निवांत बसलेला. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहरी होतो. तिथे तासभर थेंब-थेंब करत बसू नका. बंद पिशवी २० मिनिटं टँकवर तरंगवून तापमान जुळवा, उघडल्या उघडल्या मासे जाळीने काढून टँकमध्ये सोडा आणि पिशवीतलं पाणी सरळ मोरीत.